'आज उडायचं नाही' म्हणणारा माणूस

२ ऑक्टोबर २०१९ च्या सकाळी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ब्रॅडली आंतरराष्ट्रीय विमानतळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं चार इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान उड्डाणानंतर लगेच माघारी फिरलं आणि उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं. बोइंग बी-१७ जातीच्या या विमानाचं नाव होतं 'नाइन-ओ-नाइन'. आत दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी होते. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी दगावले, आणखी पाच जण गंभीर जखमी झाले. ही बातमी वाचणाऱ्या पुष्कळांच्या मनात एकच वाक्य आलं असणार: चौऱ्याहत्तर वर्षांचं विमान, कधी ना कधी पडणारच. हे वाक्य समजूतदारपणाचं वाटतं. पण अपघाताच्या चौकशीत जे हाती लागलं ते वाचल्यावर ते टिकत नाही, आणि मला तर ते घातकही वाटतं. कारण दोष एकदा वयावर टाकला की ज्यांच्या हातात पाना होता आणि ज्यांच्या हातात सहीचं पेन होतं, ते सगळेच मोकळे होतात.

आधी या विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याभोवती जमलेली माणसं त्याच्यावर खरोखर जीव टाकणारी होती. बी-१७ म्हणजे अमेरिकेचं 'फ्लाइंग फोर्ट्रेस'. एकूण १२,७३१ विमानं बांधली गेली आणि जर्मनीवर दिवसाउजेडी झालेल्या बॉम्बफेकीचा मोठा भार त्यांनी वाहिला. युद्ध संपल्यावर बहुतेक सगळी भंगारात गेली. कनेटिकटमध्ये कोसळलेलं विमान १९४५ च्या एप्रिलमध्ये सैन्याच्या ताब्यात आलं, म्हणजे युरोपातलं युद्ध संपायला महिनाच उरला होता. त्याने प्रत्यक्ष युद्धात भाग घेतला नाही. 'नाइन-ओ-नाइन' हे नाव दुसऱ्याच एका, १४० मोहिमा पार पाडलेल्या विमानाचं होतं. त्याच्या स्मरणार्थ ते याच्यावर रंगवलं गेलं. पण याचं स्वतःचं आयुष्यही साधं नव्हतं. शोध आणि बचावकार्यासाठी ते वापरलं गेलं, १९५२ मध्ये नेवाडातल्या अणुचाचण्यांच्या वेळी स्फोटाचा परिणाम मोजण्यासाठी उभं केलं गेलं, पुढे भंगार म्हणून विकलं गेलं, तिथून उचलून दुरुस्त झालं आणि मग बरीच वर्षं जंगलातल्या वणव्यांवर पाणी टाकत राहिलं. १९८६ मध्ये कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते घेतलं आणि मूळ रूपात आणलं. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियात उतरताना ते धावपट्टीच्या पुढे निघून गेलं आणि त्याची मोडतोड झाली, तेव्हा पुन्हा एकदा ते उभं करण्यात आलं. इतक्यांदा मोडूनही उडणारं यंत्र म्हाताऱ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या नातवंडांना एकत्र दाखवता यावं, यासाठी ही संस्था दरवर्षी अमेरिकाभर दौरा काढत असे. सुमारे ४५० डॉलर भरले की त्यातून एक छोटी फेरी मारता येई. त्या सकाळची फेरी तशीच होती.

विमान ९ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास उडालं. ९.५० ला वैमानिकाने परत यायचं असल्याचं कळवलं; तेव्हा ते जेमतेम ५०० फुटांवर होतं. कारण विचारल्यावर त्याने सांगितलं की चौथ्या इंजिनाचा मॅग्नेटो नीट चालत नाही. मदत हवी का, या प्रश्नाला उत्तर 'नको' असं आलं. नियंत्रकाने येणारं दुसरं विमान थांबवलं आणि वाट मोकळी करून दिली. धावपट्टीला समांतर परतताना, अर्ध्या वाटेवर, विमान ३०० फुटांवर आलं होतं. कुठवर आलात असं टॉवरने विचारलं तेव्हा पोहोचतोच आहोत असं उत्तर मिळालं, आणि त्यानंतर आवाज बंद झाला. धावपट्टीच्या सुमारे हजार फूट आधी असलेल्या मार्गदर्शक दिव्यांना विमान धडकलं, धावपट्टीच्या सुमारे ५०० फूट अलीकडे जमिनीला टेकलं, मग उजवीकडे भरकटत गाड्यांवर आणि विमानावरचा बर्फ काढण्याच्या द्रवाच्या टाकीवर जाऊन आदळलं आणि पेटलं. प्रवाशांमध्ये कनेटिकटच्या एअर नॅशनल गार्डचे एक कर्मचारी होते. सोबत असलेल्या अग्निरोधक हातमोज्यांमुळे त्यांना दार उघडता आलं आणि काही जण बाहेर पडू शकले.

आता इंजिनाकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. बी-१७ ची इंजिनं डावीकडून उजवीकडे मोजतात. तिसरं आणि चौथं, दोन्ही उजव्या पंखावर. प्रत्येक इंजिनात वर्तुळात मांडलेले नऊ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्या अठरा प्लगांना वीज पुरवणारे दोन मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारं, ठिणगीसाठी वीज निर्माण करणारं छोटं जनित्र. त्याला बॅटरी लागत नाही. दोन ठेवायचे ते एवढ्यासाठी की एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं. आपल्याकडे ज्यांनी जुनी स्कूटर वापरली आहे त्यांना 'सीबी पॉइंट घासलाय' आणि 'प्लगला काजळी धरलीय' ही मेकॅनिकची दोन वाक्यं पाठ असतील. चौकशी करणाऱ्यांना या विमानात नेमकं तेच सापडलं. चौथ्या इंजिनाच्या डाव्या मॅग्नेटोची वायर सुटू नये म्हणून कुणीतरी ती सेफ्टी वायरने, म्हणजे नटबोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून वापरतात त्या पोलादी तारेने, बांधून टाकली होती. ती तार मॅग्नेटोच्या धातूच्या कवचाला टेकली आणि वीज ठिणगीपर्यंत न पोहोचता तिथेच उतरून गेली. एक मॅग्नेटो गेला. उजव्याचा कॅम फॉलोअर, म्हणजे पॉइंट उघडणारा छोटा भाग, मर्यादेपलीकडे झिजला होता आणि पॉइंटमधली गॅप जितकी असायला हवी त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. चाचणीत या मॅग्नेटोने नऊपैकी चार सिलिंडरांना एक तर क्षीण ठिणगी दिली किंवा दिलीच नाही. दोनांपैकी एक नक्की चालेल या भरवशावर उभी असलेली व्यवस्था दोन्हीकडून पोखरली गेली होती. प्लग साफ करण्याची गरज होती आणि सगळ्यांच्या गॅप मर्यादेबाहेर गेल्या होत्या. शेजारच्या तिसऱ्या इंजिनाचे प्लगही तसेच, वर सिलिंडरमध्ये नॉकिंगच्या खुणा, म्हणजे इंधनाचं मिश्रण संथपणे जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटत असल्याच्या खुणा. टॉवरशी बोलताना फक्त चौथ्या इंजिनाचा उल्लेख झाला होता. प्रत्यक्षात एकाच बाजूची दोन्ही इंजिनं कमी ताकद देत होती.

यातल्या एकाही दोषाचा संबंध विमानाच्या सांगाड्याच्या वयाशी नाही. पंखाला तडा गेला नव्हता, धातू थकला नव्हता. प्लग, पॉइंट आणि तार हे बदलण्याचेच भाग. १९४५ मध्ये बी-१७ नवी कोरी होती तेव्हाही ते झिजत आणि तेव्हाही ते ठरावीक तासांनी पाहावे लागत. कॅम फॉलोअर एका सकाळीत झिजत नाही आणि दोन्ही इंजिनांच्या प्लगच्या गॅप एका उड्डाणात बिघडत नाहीत. हे हळूहळू होतं, आणि हळूहळू होणाऱ्या गोष्टी पकडण्यासाठीच तासांवर बांधलेल्या तपासण्या असतात. या विमानाला तशी शिस्त ठरवून दिलेली होती: वर्षातून एकदा मोठी तपासणी आणि दर २५, ५०, ७५ आणि १०० तासांनी टप्प्याटप्प्याची. १६ जानेवारी २०१९ ला वार्षिक तपासणी झाली होती आणि १०० तासांची तपासणी २३ सप्टेंबरला पूर्ण झाल्याची नोंद होती. अपघाताच्या फक्त नऊ दिवस आधी. कागद सांगत होता की इंजिनं नुकतीच पाहिली आहेत. इंजिनं सांगत होती की त्यांच्याकडे नीट कुणीच पाहिलेलं नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, एफएए, हिने नंतर नेमका हाच प्रश्न उपस्थित केला की तपासण्या पुरेशा आणि नियमांप्रमाणे झाल्या होत्या का.

अशी तफावत कशी पडते? अपघातांची चौकशी करणारं राष्ट्रीय मंडळ, एनटीएसबी, याच्या २०२१ च्या अहवालात एक बाब आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. त्या दिवशी विमान चालवणारे मुख्य वैमानिक हेच संस्थेच्या देखभाल विभागाचे प्रमुखही होते. वय ७५, बी-१७ चालवण्याचा सात हजारांहून अधिक तासांचा अनुभव. या विमानाबद्दल त्यांच्याइतकं जाणणारे जगात फार थोडे असतील. म्हणूनच त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. दौऱ्यावर असलेल्या विमानाचं गणित पाहा. गावोगावी तारखा जाहीर झालेल्या, तिकिटं विकलेली, लोक सकाळपासून जमलेले आणि त्याच पैशांतून पुढचं पेट्रोल येणार. इंजिन खडखडत असेल तर वैमानिकाला ते चालवून बघावंसं वाटतं. देखभाल प्रमुखाने ते खोलून बघायला हवं. ही दोन कामं दोन माणसांकडे असतात तेव्हा वाद होतो, आवाज चढतात आणि त्या वादातून विमान वाचतं. एकाच माणसाकडे असतात तेव्हा वाद त्याच्या मनातच होतो, आणि वेळ मारून नेणारी तार जिंकते. तार कुणी बांधली हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती पाहून 'हे काढा, नीट करा, तोवर आज उडायचं नाही' असं म्हणण्याचा अधिकार आणि बळ असलेला दुसरा माणूस तिथे नव्हता. जो कर्मचारी क्रू चीफ म्हणून काम पाहत होता, त्याला सुरुवातीचं प्रशिक्षणच मिळालेलं नव्हतं. काम करता करता जे कळलं तेवढंच. ज्या विशेष परवानगीखाली ही उड्डाणं होत होती तिच्या प्राथमिक अटींचीही त्याला कल्पना नव्हती, असं एफएएने नोंदवलं.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. एनटीएसबीने अपघाताचं संभाव्य कारण म्हणून देखभालीचं नाव पहिल्यांदा घेतलेलं नाही. पहिलं कारण आहे वैमानिकाचं विमान हाताळणं. चौथं इंजिन बंद केल्यावर वेग आणि विमानाची मांडणी त्याला नीट सांभाळता आली नाही. चाकं फार लवकर बाहेर काढली गेली, हवेचा विरोध वाढला, वेग घटला. अभ्यासात असंही दिसलं की चाकं आत ठेवून वेग राखला असता तर विमान बहुधा दिव्यांवरून पार होऊन धावपट्टीवर टेकलं असतं. देखभालीतला हलगर्जीपणा, संस्थेची निष्प्रभ सुरक्षा व्यवस्था आणि एफएएचं अपुरं लक्ष या गोष्टी 'हातभार लावणारी कारणं' म्हणून येतात. मग वैमानिकाची चूक म्हणून हे प्रकरण मिटवावं का? मला तसं वाटत नाही. शेवटच्या तीन मिनिटांत वैमानिक चुकला हे खरंच आहे, आणि ते झाकण्यात कुणाचंच हित नाही. पण ती तीन मिनिटं आली कुठून? आपल्याला एकाच इंजिनाचा त्रास आहे, तीन धडधाकट आहेत, असं समजून तो उतरण्याचा हिशेब करत होता, आणि ती समजूतच चुकीची होती. इतक्या कमी उंचीवर, एकाच बाजूची दोन इंजिनं लंगडत असताना अचूक निर्णयाची अपेक्षा माणसाकडून करता येते, खात्री देता येत नाही. विमानविद्येतली सगळी शहाणी व्यवस्था या एका गृहीतकावर उभी आहे की हवेतला माणूस केव्हातरी चुकणार. जमिनीवरचं काम चोख ठेवायचं ते त्याच्यावर तशी वेळ कमीत कमी यावी म्हणून.

दुसरा आक्षेप वयाचाच, पण जरा सुधारलेला. प्लग बदलता येतात, पण इतक्या जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत, जाणकार मेकॅनिक संपत चालले आहेत, तेव्हा वय हेच अखेर मूळ कारण नाही का? यात तथ्य आहे. जुनं विमान सांभाळणं महाग आहे आणि दर वर्षी अधिक महाग होतं. पण त्यातून निघतं ते एवढंच की लक्ष वाढवायला हवं. १९ डिसेंबर २००५ ला मायामीत चॉक्स ओशन एअरवेजच्या ग्रुमन मॅलार्ड या १९४७ च्या सागरी विमानाचा उजवा पंख हवेतच तुटला आणि आतले वीसही जण गेले. तिथे धातू खरोखर थकला होता. तरीही एनटीएसबीने कारण म्हणून वय लिहिलं नाही. पंखातल्या भेगा ओळखण्यात आणि योग्य रीतीने दुरुस्त करण्यात कंपनीची देखभाल अपयशी ठरली, आणि ते अपयश एफएएच्या लक्षात आलं नाही, असं लिहिलं. भेग वाढायला वेळ लागतो आणि तो वेळच तपासणाऱ्याचा असतो. स्वित्झर्लंडचं उदाहरण याहून बोलकं आहे. ४ ऑगस्ट २०१८ ला यू-एअर संस्थेचं १९३९ साली बांधलेलं युंकर्स यू-५२ लोकार्नोहून ड्यूबेनडॉर्फला जाताना आल्प्समध्ये पिट्स सेग्नासजवळ कोसळलं. वीस जणांचा मृत्यू झाला. चौकशीत मुख्य दोष वैमानिकांच्या धोकादायक उड्डाणपद्धतीचा निघाला. अरुंद खोऱ्यात, कमी उंचीवर, सुटकेची वाट न ठेवता ते शिरले होते. पण त्याच चौकशीत असंही निघालं की विमानाची देखभाल नीट नव्हती. अपघात त्यामुळे झाला नव्हता, आणि ती बाब अपघात झाला नसता तर बाहेरही आली नसती. वैमानिक हवाई दलात मुरलेले, संस्थेला सर्वत्र मान, आणि बारकाईने बघणारं कुणी नाही. दोन खंडांतल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या या दोन संस्थांमध्ये मला एकच दुखणं दिसतं. प्रेमाने चालवलेल्या कामाला प्रश्न विचारणं लोकांना असभ्य वाटतं.

प्रवासी सज्ञान होते, जोखीम माहीत असताना पैसे भरून बसले, त्यांच्या इच्छेत सरकारने का पडावं, असाही युक्तिवाद अमेरिकेत झाला. तत्त्व म्हणून तो मला पटतो. माणसाला धोका पत्करण्याचा हक्क असावा. पण तो धोका कोणता हे त्याला कळायला हवं. जुन्या विमानात आधुनिक विमानासारखी सुरक्षा नसते, हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं. चौथ्या इंजिनाचा मॅग्नेटो तारेने बांधलेला आहे, हे त्याला कोण सांगणार? अमेरिकेतली ही फेरी साध्या विमान कंपन्यांच्या कडक नियमांत बसत नाही. ऐतिहासिक विमानांतून पैसे घेऊन लोकांना नेता यावं म्हणून १९९० च्या दशकापासून एफएए विशेष सवलत देत आली, आणि त्या बदल्यात देखभालीच्या, प्रशिक्षणाच्या आणि सुरक्षा व्यवस्थापनाच्या अटी घालत आली. म्हणजे प्रवाशाच्या वतीने इंजिनात डोकावण्याचं काम अटींनी करायचं होतं. त्या पाळल्या जातात का हे पाहिलंच गेलं नाही, तर प्रवाशाची संमती कशाला होती? २५ मार्च २०२० ला एफएएने कॉलिंग्ज फाउंडेशनची परवानगी काढून घेतली. निर्णय योग्य होता आणि सात माणसं जाण्याआधी घ्यायचा होता. एनटीएसबीने मार्च २०२१ मध्ये पैसे घेऊन चालणाऱ्या अशा सगळ्याच उड्डाणांवर वेगळा अहवाल काढला. पॅराशूट उड्या, फुगे, हेलिकॉप्टरमधल्या फेऱ्या, सगळं त्यात आलं. तिकीट घेणाऱ्याला जी काळजी मिळेल असं वाटतं आणि कायदा जी मागतो, त्यांतलं अंतर त्यात स्पष्ट मांडलं आहे.

सर्वांत अवघड आक्षेप स्वयंसेवकांचा आहे, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. या संस्था देणग्यांवर आणि फुकट राबणाऱ्या हातांवर चालतात. नियम आवळले तर विमानं हँगरमध्ये धूळ खात पडतील, आणि चार इंजिनं एकत्र सुरू होतानाचा तो आवाज पुढच्या पिढीला ऐकायलाच मिळणार नाही. हे नुकसान खरं आहे. काच लावून ठेवलेलं विमान आणि डोक्यावरून जाणारं विमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मी मागतो आहे त्याला फार पैसे लागत नाहीत. इंजिन तपासून सही करणारा माणूस त्या दिवशीच्या वैमानिकापेक्षा वेगळा असावा, त्याचा पगार किंवा मान त्या दिवशीच्या तिकीटविक्रीवर अवलंबून नसावा आणि त्याने नाही म्हटलं तर ते शेवटचं असावं. दुसऱ्या एखाद्या संस्थेचा निवृत्त अभियंता दौऱ्याच्या दर टप्प्यावर बोलावला तरी हे साधतं. आणि एवढंही जमत नसेल तर विमान उडवावं, पण त्यात तिकीट काढलेला माणूस बसवू नये. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचं 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट' लँकेस्टर आणि स्पिटफायर उडवतं ते लोकांनी खालून बघावं म्हणून. त्यात तिकिटावर फेऱ्या नाहीत. आपल्या हवाई दलाचंही असंच आहे. १९४७ च्या श्रीनगर मोहिमेतल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक लावलेलं 'परशुराम' हे डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात आलं आणि व्हिंटेज फ्लाइटमध्ये दाखल झालं. हवाई दलात उडवणारी शाखा आणि यंत्र सांभाळणारी शाखा मुळातच वेगळ्या आहेत; जमिनीवरच्या अधिकाऱ्याने सही करून विमान सोपवल्याशिवाय वैमानिक ते नेऊ शकत नाही, मग त्याचा हुद्दा कितीही मोठा असो. खासगी संस्थेला हवाई दलाचा खर्च परवडणार नाही, पण ही विभागणी परवडू शकते. कॉलिंग्ज फाउंडेशनकडे बी-१७ होती, बी-२४ होती, तीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव होता आणि देशभरातून प्रेम करणारे हजारो लोक होते. त्यांच्यातून एक असा माणूस नेमणं अशक्य नव्हतं.